प्रवाळाचा श्रावण

मी प्रवाळ बोलतोय. दगड नव्हे, झाड नव्हे, चांगला जिवंत प्राणी! पाहुणे काचेला नाक लावून विचारतात, "प्लास्टिकचं आहे का हो?" मग मी लगेच सगळी तोंडं मिटून घेतो. बसा आता बघत!

हो, तोंडं मला पुष्कळ आहेत. झेंडूसारखी केशरी. पुण्यातल्या एका दुकानात मोठ्या प्रवाळाचा तुकडा पाडला, तोच मी. ऋषिकेशने मला मुठा गावात आणलं. रत्नाबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर तो भाड्याने राहतो आणि हिंजवडीला कॉम्प्युटर बडवतो. सगळ्या खोऱ्यात गोडं पाणी, आणि हा शहाणा माझ्यासाठी बादलीत मीठ कालवत बसतो!

माझे बरेच भाऊबंद उजेडावर भागवतात. मी तसला नाही. मला कोळंबी लागते, तीसुद्धा एकेका तोंडात चिमट्याने भरवलेली.

मग ऋषिकेशला कंपनीने जर्मनीला धाडलं. त्याचे वडील बंडोपंत अंबाजोगाईहून माझ्या राखणीला आले. उभा जन्म पोस्टात गेलेला, कपाळी गंध. नाक दाबून भरवायचे. "घे रे बकासुरा!" म्हणायचे. मला तो लाडच वाटायचा.

श्रावण लागला आणि पंतांनी कोळंबीचा डबा खालच्या मांजरीपुढे रिकामा केला. मला भिजवलेला राजगिरा भरवला. मी थुंकलो. त्यांनी पुन्हा भरवला. मी पुन्हा थुंकलो.

फोनवर ऋषिकेश विचारायचा, "बाबा, प्रवाळ जेवला?"

"जेवला, जेवला," म्हणून पंत घाईघाईने पावसाचा विषय काढायचे.

एके दिवशी रत्नाबाई घेवडा द्यायला वर आल्या आणि माझ्या काचेच्या टाकीपाशी थबकल्या. "पंत, हे लई वाळलंय ओ. खायला घालताय न्हवं?"

"श्रावण आहे, रत्नाबाई."

"श्रावण तुमचा. त्याचा कुटला? आमीबी पाळतो की. पर आमची मांजर उंदीर धरती, तिला कुनी आडवतंय व्हय? एवढं पुन्य पायजे, तर तुमीच ऱ्हावा की उपाशी!"

त्या गेल्यावर पंतांनी चष्मा पुसला आणि काचेशी वाकले. माझ्या एका बाजूचं मांस आक्रसून आत गेलं होतं. खाली पांढरं हाड उघडं पडलं होतं.

मग पंत गंधासकट पिरंगुटच्या मासळीवालीपुढे जाऊन उभे राहिले.

ती हसली. "आजोबा, श्रावणात? घरी सांगू का?"

"सांग," पंत म्हणाले. "पण आधी कोळंबी दे."

घरी येऊन त्यांनी तुकडे केले. जी तोंडं उघडली त्यांनी गिळलं. जी उघडली नाहीत, त्यांच्यापाशी ते पुन्हा पुन्हा तुकडा नेत राहिले. "घे रे, घे ना," म्हणत. बकासूर कुठे गेला कोण जाणे.

फोन त्यांनीच केला. "ऋषी, मी तुला खोटं सांगत होतो. त्याला मी उपाशी ठेवलं."

पलीकडून ऋषिकेश म्हणाला, "कोळंबीला हात लावायला नको वाटत होतं, तर सांगायचं ना, बाबा. मी कुणाला तरी सांगितलं असतं."

तो रागावला असता, तर पंतांना बरं वाटलं असतं.

आता श्रावण असो, एकादशी असो, माझं ताट चुकत नाही. केशरी बाजू पुन्हा भरली आहे. पांढरी बाजू पांढरीच राहिली. पंत मात्र खुर्ची नेमकी पांढऱ्या बाजूला ओढतात आणि तिथेच बघत बसतात. मी इकडून फुलून फुलून दमतो. एवढी तोंडं असून एकालाही आवाज नाही, काय करू?

म्हणून तुम्हाला विनवतो. मुठ्याला आलात, तर वर या. मला प्लास्टिकचा म्हणालात तरी चालेल, या खेपेला तोंड मिटणार नाही. फक्त त्या म्हाताऱ्याची खुर्ची जरा इकडे वळवा.