क्लोरीनवाल्या काकांचं नाक

"काका, सही करा आणि उतरा आता. खाली लोक खोळंबलेत," साहेब शिडीच्या टोकावरून म्हणाले आणि रुमालात शिंकले.

काका कॉलेजच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उकिडवे बसले होते. पूर उतरू लागला होता, पण खालच्या वर्गांत अजून तीनशे माणसं सतरंज्यांवर पडून होती. नळापासून फाटकापर्यंत बादल्यांची रांग लागली होती. टाकी टँकरनं भरलेली, पाणी कुठल्या विहिरीचं कोण जाणे. तासापूर्वी काकांनी त्यात ब्लीचिंग पावडर कालवून ओतली होती. आता पाणी प्यायला हरकत नाही असं लिहिलेल्या कागदावर त्यांनी सही केली, की नळ सुटणार होता.

एरवी हे काम पाच मिनिटांचं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर पाणी अजून कच्चं. पण थेंबांची बाटली परवा होडीतून उतरताना काकांच्या खिशातच फुटली होती. नवी मागवायची, तर कोठार पाण्याखाली.

साहेबांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. "तुम्ही असताना थेंब कशाला, काका? तुमचं नाक आहे की."

हे नाक पाणीपुरवठा खात्यात गाजलेलं होतं. टाकीचं झाकण किलकिलं केलं, की काका सांगायचे, पावडर कमी पडली, जास्त झाली, नाहीतर कालची आहे. नव्या माणसांना मुद्दाम त्यांच्याकडे पाठवत, आणि काकाही जरा मान वर करून चार गोष्टी जास्तच सांगत. चौतीस वर्षांत बढती एकच मिळाली, पण कौतुक मात्र भरपूर.

दोन वर्षांपूर्वी एका तापात ते नाक गेलं. परत आलंच नाही. दूध करपून घर भरलं, तरी काका बाजूच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. गेल्याच महिन्यात बायको म्हणाली होती, "अहो, ऑफिसात सांगून टाका एकदाचं." काका म्हणाले, "थेंब आहेत ना माझ्याकडे. निवृत्तीला चारच महिने राहिलेत, कशाला उगाच हसं करून घ्यायचं?" थेंब होते तोवर ते खरंही होतं.

आणि काल थेंब नव्हते. काल धान्याच्या गोदामात आसऱ्याला आलेल्या लोकांच्या टाकीवर साहेबांनी असाच कागद पुढे केला, तेव्हा काकांनी झाकण उघडलं, डोळे मिटून श्वास घेतला, "छान आहे" म्हणाले आणि सही केली. चार माणसं कौतुकानं बघत होती. त्यांच्यासमोर खरं सांगायला काकांची जीभ रेटली नाही.

"काका?"

"पोतं जरा बघतो, साहेब."

त्यांनी पोत्याचं तोंड उघडलं. आत ढेकळं झाली होती. एक फोडलं तसा वाऱ्यानं भुगा सरळ तोंडावर आला. काकांनी सवयीनं डोळ्यांना बाही लावली. डोळ्यांना पाणी आलंच नाही, बाही कोरडीच राहिली.

ते तसेच थांबले. मग पोत्यात तोंड घालून त्यांनी मुद्दाम भरपूर श्वास ओढला. नाक मेलं म्हणून घसा मेला नव्हता. चांगली पावडर असती तर खोकून जीव कासावीस व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. ओल लागून पावडरीतला सगळा जोर कधीच निघून गेला होता. ही पावडर म्हणजे नुसता चुना. आणि कालच्या पाण्यातही याच पोत्यातली पावडर. काल पाऊस झोडपत होता, आज कालवतानाही तोंडाला फडकं बांधलेलं, त्यामुळे काही कळलंच नव्हतं.

आता पोतं खराब निघालं एवढंच सांगितलं असतं, तरी हा नळ बंद राहिला असता आणि काकांची अब्रूही राहिली असती. पण गोदामातली माणसं कालपासून ते पाणी पीत होती.

"साहेब, नळ सोडू नका. पावडर मेलेली आहे," काका म्हणाले. "कालचीही हीच."

साहेबांचा चेहरा उतरला. "पण काल तुम्ही वास घेऊन सांगितलंत."

"मला वास येत नाही, साहेब. दोन वर्षं झाली."

 साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. चार रात्री न झोपलेला तो माणूस शिडीवरच टेकला. "हे मला आज सांगताय, काका?"

काका खाली मान घालून उभे होते. लाज वाटत होती, आणि या वयात तिचं काय करायचं तेही कळत नव्हतं.

साहेबांनी फोन लावला. शेजारच्या शहरातून नवी पावडर आणि थेंब यायला संध्याकाळ होणार होती. खाली नळ बंद राहणार कळल्यावर रांगेतून शिव्या यायला लागल्या.

"गोदामात दुसऱ्या कुणाला पाठवतो," साहेब म्हणाले. "तुम्ही गेलात तर लोक सोडायचे नाहीत तुम्हाला."

"माझ्या सांगण्यावर प्यायलेत," काका म्हणाले आणि गुडघाभर चिखल तुडवत निघाले.

गोदामाच्या दारातच नर्स भेटली. पहाटेपासून अकरा जणांना जुलाब-उलट्या चालू होत्या. एका आजींना सलाईन लावलं होतं. आजींचे डोळे खोल गेले होते, आणि त्यांचा मुलगा सलाईनची बाटली हातात धरून उभा होता.

"सकाळपासून जेवणाचीच चौकशी करतेय मी," नर्स म्हणाली. "त्या बाईंना सगळ्यांनी बोलून बोलून हैराण केलंय."

कोपऱ्यात स्वयंपाकीणबाई रिकाम्या स्टोव्हपाशी बसली होती. तिच्या हातचं आता कुणी खात नव्हतं. रडून तिचे डोळे सुजले होते.

"जेवण नाही. पाणी," काका म्हणाले. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला. "टाकीतलं पाणी कुणी पिऊ नका. काल मी न तपासता सही केली. बाईंचा काही दोष नाही."

नर्स लगेच फोनकडे धावली. आजींचा मुलगा दोन पावलं पुढे आला, पण हातातल्या बाटलीमुळे त्याला तिथंच थांबावं लागलं. तिथूनच तो काकांना नाही नाही ते बोलला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

मग ते एकेक भांडं उचलून बाहेर रिकामं करू लागले. तिसऱ्या खेपेला स्वयंपाकीणबाई समोर येऊन उभी राहिली.

"थेंब नव्हते का काल?"

"नव्हते."

"मग तेवढं तरी बोलायचंत की हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती दमली होती. "स्टोव्ह होता माझ्याकडे. रॉकेल होतं. एवढं मोठं पातेलं होतं. उकळून दिलं असतं मी सगळ्यांना."

काकांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. तिनं पातेलं आणलं, टाकीचं पाणी भरलं आणि स्टोव्ह पेटवला. आतून आजींनी क्षीण आवाजात पाणी मागितलं.

"देते हं आजी, उकळतंय," ती म्हणाली.

काका पातेल्यासमोर जमिनीवर बसले. पहिला बुडबुडा येईपर्यंत त्यांनी पाण्यावरची नजर हलवली नाही.