उंच स्टूल आणि माझी पाठ

मी बोलतोय. जरा खाली बघा. माणसं समोर बघतात, नाहीतर मोबाइलमध्ये बघतात, आणि माझ्या अंगावर पाय पडला की म्हणतात, "अरे, हा इथे होता होय!" होतो. कायम इथेच होतो.

मी जातीचा डॅशहाउंड. अंग लांब, पाय आखूड, छाती खोल. माझे पूर्वज जनावरांच्या बिळात शिरून त्यांना बाहेर काढत. अंधारात, एकटे, मागे वळायला जागा नसताना. त्या कामासाठी आमचं अंग असं घडवलं गेलं, लोकांची करमणूक व्हावी म्हणून नव्हे. माझ्या वाट्याला मात्र फोटो स्टुडिओ आला.

समोर ते लाकडी स्टूल दिसतंय ना, त्यानं माझे मागचे पाय नेले. आणि त्याच स्टुलावर दुसरं पिल्लू चढवायचं घाटत होतं. मी उगाच तोंड उघडणारा नव्हे. पण ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून बोलतोय.

माझा जन्म पिल्लंवाल्याच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा होता. पडद्यामागे माझी आई. तिची पाठ मधोमध वर आलेली होती आणि उठताना ती कण्हायची. तरी तिला पिल्लं होतच होती. म्हणजे, होऊ दिली जात होती. गिऱ्हाईक आलं की पिल्लंवाला आम्हाला टोपलीत घालून पुढच्या खोलीत न्यायचा आणि जाताना पडदा नीट सारून घ्यायचा.

फोटोवाला आला तो निळ्या कापडाचा तुकडा घेऊन. एकेका पिल्लामागे तो तुकडा धरायचा आणि डोळे बारीक करून बघायचा.

"हा चॉकलेटी उठून दिसतो."

"नजर आहे साहेब तुमची!" पिल्लंवाला म्हणाला.

"फार लहान वाटतोय. दूध सुटलंय ना?"

"लहानपणी नेलेलंच बरं. लळा लागतो."

झालं. एवढीच चौकशी. माझी आई कुठे आहे, कशी आहे, बाप कोण, कुणीही विचारलं नाही. माणसं भेंडी घेताना शेंडा मोडून बघतात, चप्पल घेताना चार पावलं चालून बघतात. कुत्रा घेताना रंग बघतात!

स्टुडिओत पुढे काउंटर. बाजूला फोटोवाल्याची बायको बसायची, तिला सगळे वहिनी म्हणत. तिचं काम फ्रेम करण्याचं. लाकडी पट्ट्या करवतीनं कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच बसवायची. तिच्या पायाशी भुश्शात झोपायला मला आवडायचं. आतल्या खोलीत दिवे, निळा पडदा आणि पडद्यापुढे ते स्टूल. फोटोवाल्याच्या वडिलांनी दुकान काढलं तेव्हाचं. लहानपणी फोटोवाला स्वतः त्यावर बसला होता, तो फोटो आतल्या भिंतीवर अजून लावलेला आहे. गोबऱ्या गालांचं पोर, स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. भीती त्यालाही वाटली होती. मोठा झाल्यावर विसरला.

मोबाइल आल्यापासून दुकानात गर्दी उरली नव्हती. लहान मुलांच्या फोटोंवर दुकान चालायचं. म्हणून मला आणला. मूल खुर्चीत, शेजारी स्टुलावर मी.

"हिरो, उठ! दोन पायांवर!"

हिरो हे माझं तिथलं नाव. मी पुढचे पाय उचलून उभा राहायचो. मूल खिदळायचं, फोटो निघायचा, मला बिस्कीट मिळायचं. मग फोटोवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा आणि मी स्टुलावरून खाली उडी मारायचो. मला उतरवून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. उतरता येतं ना, मग झालं तर! आखूड पायांच्या, लांब पाठीच्या प्राण्याला ती उडी म्हणजे तुम्हाला गच्चीवरून मारल्यासारखी. दिवसभर तेच. चढव, उठ, बिस्कीट, उडी.

गिऱ्हाइकं तर विचारू नका. "हा कापडासारखा मीटरवर घेतला का हो?" असं एकजण विचारायचा आणि बाकीचे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. मुलं मला पुढच्या पायांखाली हात घालून उचलत, मागचं सगळं अंग खाली लोंबकळत. त्यांच्या आया म्हणत, "बघा, किती प्रेम करतो!" जो येई तो बिस्कीट देई. माझं पोट जमिनीला टेकायला आलं तरी देत राहिले. खाऊ घालण्याला प्रेम समजणारी जात एकच, माणसाची. फिरायला न्यायला मात्र सगळ्यांना कंटाळा.

वहिनी एकदा म्हणाली, "अहो, हा हल्ली उडी मारायच्या आधी थांबतो. बघितलंत का?"

"लाडावलाय. बिस्किटासाठी नखरे."

"एकदा डॉक्टरांना दाखवूया."

"कुत्र्याला काय दाखवायचंय? मला स्वतःला दाखवायला वेळ नाही."

थांबत होतो, कारण पाठीत कळ येत होती. नखरे करणाऱ्यांच्या कुळातला मी नव्हे.

मग तो दिवस आला. जुळ्या मुलींचा फोटो होता. "हिरो, उठ!" मी उठलो. पाठीत काहीतरी सटकलं आणि मागचे पाय माझे राहिलेच नाहीत. मी स्टुलावरून खाली आलो तो पोत्यासारखा. पुढच्या पायांनी सरकलो, मागचं अंग फरफटत आलं.

आणि सगळे हसले. मुलींचा बाप म्हणाला, "वा! सैनिकासारखा सरपटतो की! हे कधी शिकवलंत?"

फोटोवालाही हसला. त्यानं तेवढ्यात एक फोटोही काढला.

वहिनी करवत टाकून धावत आली. तिनं माझ्या मागच्या पंज्याला चिमटा काढला, मला काही कळलं नाही. "अहो, याचे पाय गेलेत! आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला."

"मुरगळला असेल. संध्याकाळी मोठी ऑर्डर आहे. उद्या बघू."

त्यानं माझ्या पायांना मलम चोळलं. दुखणं पाठीचं, मलम पायाला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! उद्याचा परवा झाला. परवाचा पुढचा दिवस. शेवटी वहिनीनं दुकानाला कुलूप घातलं आणि मला मांडीवर घेऊन रिक्षात बसली. तोही मुकाट मागून आला.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवरून बोटं फिरवली. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द ठोकून बसवावा तसा बोलल्या.

"मणक्यामधली चकती सरकलीय. या जातीत हे होतं. म्हणून याला उड्या मारू द्यायच्या नसतात, दोन पायांवर उभं करायचं नसतं, वजन वाढू द्यायचं नसतं. तुम्ही काय काय केलंत?"

"सगळंच," वहिनी म्हणाली.

"त्याच दिवशी आणला असता तर पाय वाचण्याची आशा होती. आता अवघड आहे."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही हो," फोटोवाला पुटपुटला.

"विचारलं होतं कुणाला?"

मला वाटलं, फोटोवाल्याच्या डोक्यात उजेड पडला. कसला पडतोय!

वहिनीनं निळ्या पडद्याची एक लांब पट्टी टर्रकन फाडली. माझ्या पोटाखालून घालून दोन टोकं वर हातात धरली. मागचं अंग ती उचलते, पुढचे पाय मी टाकतो. असे आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ रस्त्यावरून जातो. ज्या रंगावर उठून दिसतो म्हणून मला निवडला, त्याच रंगाच्या फडक्यात आता लटकतोय. लघवीची शुद्ध राहिली नाही. वहिनी पोट दाबून करवते, पुसते, कोरडं करते. ती तोंड वाकडं करत नाही. मीच मान फिरवतो. अभिमानी प्राण्यावर अशी वेळ आणू नये कुणी.

आणि फोटोवाला? महिना उलटला नाही तोच म्हणायला लागला, "दुसरा आणायला हवा. मुलं हिरोला विचारतात."

वहिनी म्हणाली, "आणायचाच असेल तर मी सांगते तिथून."

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्यांच्या घरी आमच्याच जातीची कुत्री व्यायली होती. फोनवर त्यांनी एकच अट घातली. "आधीचा कुत्रा घेऊन या. मग बोलू."

तिथे पडदा नव्हता. पिल्लांची आई स्वतः दारात आली, मला हुंगलं, शेपूट हलवली. तिची पाठ सरळ होती. पिल्लं तिच्या मागे धडपडत होती. मी बघतच राहिलो. माझी आई अशी चालताना मी कधी पाहिली नव्हती.

नर्सबाईंनी प्रश्नांची सरबत्ती लावली. घरात जिना आहे का? सोफा किती उंच? दिवसा कोण असतं? म्हातारा झाल्यावर कोण बघणार?

फोटोवाला वैतागला. "आम्ही काय मुलगी मागायला आलोय?"

"मुलीला बोलता तरी येतं," नर्सबाई म्हणाल्या. "नको असेल तर निघून येता येतं."

मग त्या माझ्यापाशी खाली बसल्या. माझे पाय हातात घेतले, सोडले. ते पडले. "हे कशानं?"

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"स्टुलावरून उड्या मारून," वहिनी म्हणाली.

"ते स्टूल अजून आहे?"

"आहे."

"मग पिल्लू मिळणार नाही. चहा घ्या आणि निघा."

चहा मात्र खरंच दिला.

घरी येताना फोटोवाला धुमसत होता. "मोठी शहाणी! पिल्लं काय हिच्याकडेच असतात? तो आपला पिल्लंवाला आहे की. उद्या फोन करतो, चॉकलेटीच ठेव म्हणतो. आपलं दुकान, आपलं स्टूल, आपला कुत्रा!"

तो पिल्लंवाला. तो गोणपाटाचा पडदा. माझ्या आईच्या जागी आता कोण असेल कुणास ठाऊक. मी त्या रात्रीपुरतं जेवण सोडलं. दुसरं काही करणं माझ्या हातात नव्हतं.

सकाळी वहिनीनं फ्रेमच्या पट्ट्यांना हात लावला नाही. करवत उचलली, आत गेली, स्टूल आडवं केलं आणि एका पायाला करवत लावली.

फोटोवाला फोन तसाच हातात धरून धावला. "अगं ए! डोकं फिरलं का? बाबांचं स्टूल आहे ते! माझा फोटो आहे त्यावर!"

"फोटो राहू दे भिंतीवर. त्याला मी काही करत नाही."

"थांब म्हणतो ना!"

"तुम्ही करा फोन. मी कापते. तुमचं नवीन पिल्लू येईपर्यंत चारही पाय कापून होतील."

करवत चालू राहिली. मी पट्टीशिवाय, फरफटत, भुश्शातून तिथवर गेलो आणि स्टुलाशेजारी आडवा झालो. त्याचे चार पाय आणि माझे दोन, एका रांगेत. फोटोवाल्यानं एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. या खेपेला मान वळवली नाही.

स्टूल घसरत होतं. करवत तिरपी जात होती. मग तो फोन खिशात टाकून गुडघ्यावर बसला आणि त्यानं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. भिंतीवरच्या फोटोतल्या पोरासारखं.

"सरळ काप," तो म्हणाला. "तिरकं झालं तर डुगडुगेल."

"मला शिकवू नका. धरा नीट."

पुढे वहिनीनं नर्सबाईंना दुकानात बोलावलं. त्यांनी कापलेलं स्टूल हलवून पाहिलं, दुकानाच्या पायऱ्या पाहिल्या, बिस्किटांचा डबा उघडून पाहिला. डबा रिकामा होता. काही दिवसांनी त्यांनी पिल्लू आणून दिलं आणि बजावून गेल्या, "मी केव्हाही येऊन बघीन." येतातही.

पिल्लू करड्या रंगाचं आहे. पडद्यापुढे अजिबात उठून दिसत नाही. आत्ता माझ्या मागच्या पायांवर डोकं ठेवून झोपलंय. वजन किती आहे, मला कळत नाही.

मी कुणाला माफ केलेलं नाही. स्टूल कापलं म्हणून पाय उगवत नाहीत. मला एवढंच म्हणायचंय. आमच्यापैकी कुणाला आणायचं असेल तर आधी आमची आई बघा. ती दाखवत नसतील तर उठून चालू लागा. आमचं अंग कशासाठी घडलंय ते विचारा, आणि तुमचं घर त्याला झेपेल का ते स्वतःला विचारा. उचलताना मागच्या अंगाखाली हात धरा. हे जमणार नसेल तर कापडाचा कुत्रा आणा. तो कुठल्याही पडद्यावर उठून दिसतो.

हल्ली फोटो असे निघतात. मूल सतरंजीवर, शेजारी बुटक्या स्टुलावर पिल्लू, चारही पाय टेकून बसलेलं. त्यांच्या उंचीवर यायला फोटोवाल्याला जमिनीवर पालथं पडावं लागतं. काल फोटो काढून झाल्यावर त्याला उठता येईना. कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणत तो तसाच पडून राहिला. त्याचं तोंड अगदी माझ्या तोंडासमोर आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. "हिरो, उठ!" असं मी म्हटलं नाही.