मापावरचं तेल

मारोती पडला तेव्हा त्याचा मोठा भाऊ निवृत्ती हसत होता. आपल्या हातची गाडी सगळ्यांच्या पुढे धावतेय म्हटल्यावर त्याला हसू आवरत नव्हतं, दुसरं काही नाही. औशाजवळच्या त्या आटलेल्या तलावात फटफटी भेगांवरून सुसाट आली आणि वळणाच्या अलीकडे तिचा आवाज थांबला. हळू झाला नाही, थांबला. मागचं चाक जागच्या जागी आवळलं, गाडी आडवी झाली आणि मारोतीचा उजवा पाय खाली घेऊन घासत गेली. लोक धावले. निवृत्ती जागेवर उभाच होता आणि त्याच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. ते पुसायचं त्याला सुचलंच नाही.

लातूर जिल्हा नुकता वेगळा झालेला, आणि नव्या जिल्ह्याच्या पदरात आधी काय पडलं तर दुष्काळ. गावोगाव पाण्याचे टँकर जायचे. कुठं टँकर पोचला, कुठं नाही, याचे निरोप पांदीतून, नांगरटीतून, ओढ्यातून नेणारा फटफटीवाला कचेरीला हवा होता. नोकरी कायमची. तलाव रिकामाच पडला होता, तेव्हा साहेबांनी परीक्षाही तिथंच घेतली. मॅट्रिक होऊन मारोती किती दिवस घरी बसून होता. ही नोकरी लागली तर त्याचं आयुष्य मार्गी लागणार होतं, आणि ती लावून द्यायची जबाबदारी निवृत्तीनं कुणी न सांगता स्वतःच्या अंगावर घेतली होती.

सडकेला निवृत्तीचं गॅरेज होतं. टू-स्ट्रोक म्हटलं की निवृत्ती, असं लोक म्हणायचे, आणि लोक म्हणायला विसरले तर निवृत्ती स्वतः म्हणायचा. या इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ते कमी पडलं तर पिस्टन घासतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण कोणतं तेल आणि किती, यात निवृत्तीचा जीव रमायचा. पंपावरचं साधं तेल त्यानं नाकारलं, कारण त्यानं धूर होतो आणि प्लग माखतो. एरंडेल त्याला आवडायचं, पण गाडी उभी राहिली की ते पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं. शेवटी हैदराबादहून आणवलेलं पातळ तेल त्यानं विसाला एक या मापानं घातलं. कार्बोरेटरमधला जेट काढून त्याहून बारीक भोकाचा बसवला, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, की गाडी चाबकासारखी पळणार. तलावात चक्कर मारून यायचं, प्लग काढून बघायचा, स्क्रू जरासा फिरवायचा, पुन्हा जायचं. प्लगचा रंग चहासारखा झाला तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं. आता याच्यात केसाइतकाही फरक होता कामा नये, असं तो स्वतःशी म्हणाला. स्वतःशीच म्हणाला, दुसऱ्या कोणाला नाही.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी निवृत्तीला बाजूला घेतलं. "गुडघ्याचा चुरा झालाय. काठी घेऊन चालेल. गाडी चालवणं विसरा."

"म्हंजी कवापर्यंत?" निवृत्तीनं विचारलं.

डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. निवृत्तीनं पुन्हा तेच विचारलं. मग डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी गॅरेजात घेतली आणि शटर अर्धं ओढून इंजिन उघडलं. आपल्या हातून तेल कमी पडलं असणार, अशी मनाची तयारी करून तो बसला होता. पण आत बघितलं तर खालची सगळी बाजू तेलानं न्हालेली. कोरडेपणाचं नावच नाही. आणि वर पिस्टनची कड वितळून सिलिंडरला चिकटलेली, प्लग चुन्यासारखा पांढराफटक. टाकीतलं पेट्रोल त्यानं बोटावर घेतलं, चोळलं, पुन्हा घेतलं. दाट होतं. हे त्याचं मिश्रण नव्हतं. यात कोणीतरी वरून तेल ओतलं होतं.

पुढचं त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तेल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं, आणि जे उरतं तेही दाट झाल्यामुळे बारीक जेटमधून नीट उतरत नाही. हवा मात्र तेवढीच. मग आतली आग भडकते आणि पिस्टन वितळवते. गाडी पहिल्या जेटवर असती तर फार तर धूर ओकत धावली असती. ज्यानं हे केलं त्याला टू-स्ट्रोकची नस ठाऊक होती, आणि अशी नस ठाऊक असलेला औशात दुसरा एकच माणूस होता, समोरच्या गॅरेजचा बसवंत. त्याचा भाचाही त्या परीक्षेत होता. आधी मायला आणि मारोतीला सांगायचं, मग पोलिसात जायचं, असं ठरवून निवृत्तीनं लातूरची बस धरली. वाटेत तो बसवंतला मनातल्या मनात इतक्या शिव्या देत होता की शेजारचा म्हातारा सरकून बसला.

खाटेवर मारोती छताकडे बघत पडला होता. माय, पारूबाई, त्याचं डोकं चेपत होती. तिची सारी उमर लातूरच्या तेलाच्या मिलमध्ये गेली होती.

"दादा, इंजिन उघडलं का?" मारोतीनं विचारलं. "काय झालतं?"

निवृत्तीनं तोंड उघडलं, पण माय आधी बोलली.

"तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ, निवृत्ती. काल सकाळी बुद्धवंदना झाली अन् तू आंघोळीला गेलास, तवा म्या तुझ्या डब्यातलं तेल पेलाभर टाकीत वतलं."

निवृत्तीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण नीटच ऐकलं होतं.

"का, माय?"

"का म्हंजी? चांगल्या कामाला निघालेल्या गिऱ्हाइकाला मापावर चार थेंब वर टाकल्याबिगर आमच्या मिलनं कदी धाडलं न्हाई. मग माझ्या लेकराला म्या मोजून मापून धाडू व्हय?" तिनं मारोतीच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. "डॉक्टर म्हनले, जिवावरचं पायावर गेलं. आता तूच सांग, मिस्तरी हायस. म्या वतलं म्हनून वाचला न्हवं?"

बसवंतला दिलेल्या शिव्या निवृत्तीच्या तोंडात तशाच होत्या, आणि समोर ही सुरकुतलेली बाई उत्तराची वाट बघत होती. टाकीला हात लावू नका, एवढं एक वाक्य तो घरात बोलला असता तर. गाडीत जरा ढील ठेवली असती तर.

"हाव," तो म्हणाला. "तुझ्यामुळंच वाचला."

"मग इंजिन कशानं बसलं?" मारोतीनं मान वळवली. "दादा, सांग की."

"तेल कमी पडलं. गाडी जोरात पळावी म्हनून म्या मापात मारलं."

मायचा हात मारोतीच्या कपाळावर थांबला. "तू माझ्या लेकराचं तेल कापलंस?"

"हाव."

मारोती भावाकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर निवृत्तीनं तो खाली मान घालून सोसला असता. हा आपलाच भाऊ का, असं तो बघत होता.

"माय," मारोती हळूच म्हणाला, "ह्याला भाईर जायला सांग."

तिनं सांगितलं, आणि निवृत्ती गेला.