नऊ नंबरचे आजोबा कोणाचे?

बावीस वर्षं आमच्या वॉर्डातली कामं फळ्यावर लिहिली जातात आणि तो फळा मी लिहिते. ताप आणि बीपी, इंजेक्शनं, गोळ्या, पट्ट्या, अंघोळी, जेवण. प्रत्येक कामापुढे एका सिस्टरचं नाव. जिचं जे काम, ते तिनं तीसही खाटांचं उरकायचं. त्यामुळे पेशंटही आम्हाला कामावरून ओळखतात: तापवाली, सुईवाली, गोळीवाली, पट्टीवाली. मी इन्चार्ज, म्हणून किल्लीवाली, कारण कपाटांचं जुडगं सदा माझ्या कमरेला. फळ्याचा मला अभिमान होता, उगाच कशाला लपवू?

नव्या मेट्रन आल्या तेव्हा त्यांनी तो फळा आधी चष्मा लावून आणि मग चष्मा काढून वाचला. म्हणाल्या, "फार नेटका आहे हो. पण नऊ नंबरचे आजोबा यात कुठे आहेत?"

"सगळीकडेच आहेत की," मी म्हणाले.

"तसं नाही. ते कोणाचे आहेत?"

पेशंट दवाखान्याचा असतो. मी तसं सांगूनही टाकलं. माझ्या नाकावर राग नेहमीच बसलेला असतो, तो त्यांना दिसलाच असणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बरं, मग मला त्यांच्याबद्दल सांगा."

सांगायला फार नव्हतंच. आजोबा कुलपं-किल्ल्या करणारे. दहा दिवसांपूर्वी घरात पडले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, पण भुलीतून उठल्यापासून माणूस ताळ्यावर नव्हता. डॉक्टरांनी काही विचारलं तर नुसते बघत राहायचे, नाहीतर भलतंच उत्तर द्यायचे. घरी एकटे. एक पुतणी होती, तिनं त्यांना कित्येक वर्षांत पाहिलेलं नव्हतं. ती एकदा येऊन रडली आणि म्हणाली, मला हे झेपणार नाही. म्हणून उद्या, मंगळवारी सकाळी, त्यांना भान हरपलेल्या लोकांच्या संस्थेत हलवायचं ठरलं होतं. तिथली दारं बाहेरून बंद असतात. तिथे गेलेलं माणूस सहसा परत येत नाही.

मेट्रननी सगळ्या सिस्टरना बोलावलं.

"कसे आहेत आजोबा?"

"ढिम्म," तापवाली म्हणाली. "काही विचारा, ढिम्म."

"दंड पुढे करतात, पण तोंड उघडत नाहीत," सुईवाली म्हणाली.

"मी पाणी हवं का विचारलं, तर मला वय सांगितलं," गोळीवाली म्हणाली.

"काहीतरीच काय!" पट्टीवाली म्हणाली. "माझ्याशी तर किती बोलतात! काल मला सांगत होते, चोर कुलूप फोडत नाहीत, कडी उचकटतात म्हणून."

बाकीच्या तोंडावर हात ठेवून हसल्या. पट्टीवाली मुळातच बडबडी; ती भिंतीशीही बोलेल आणि भिंत बोलली म्हणून सांगेल.

"आणि हातवारे," मी म्हणाले. जरा लाजच वाटत होती, पण सांगितलं. "मी समोरून गेले की माझ्या कमरेकडे बोट दाखवतात. परवा मी अख्ख्या वॉर्डासमोर झापलं त्यांना. या वयात हे काय!"

"तिघी म्हणतात भान नाही, एक म्हणते आहे," मेट्रन हळूच म्हणाल्या. "गंमतच आहे. इन्चार्ज सिस्टर, आज दिवसभर नऊ नंबरचं सगळं तुम्हीच कराल? ताप, अंघोळ, गोळ्या, पट्टी, जेवण, सगळं."

मेट्रन म्हणाल्या, त्यांच्या आधीच्या दवाखान्यात एकेका सिस्टरकडे पाच-सहा पेशंट असत, डोक्यापासून पायापर्यंत तिचेच. आणखी कुठे दोघी-तिघींची तुकडी मिळून दहा-बारा जण सांभाळी. "मग कुठली पद्धत चांगली?" मी खडा टाकून पाहिला. त्या म्हणाल्या, "मलाही नीट माहीत नाही. म्हणून तर विचारतेय."

मी तयार झाले, पण खरं सांगायचं तर त्यांची जिरवायला. एका म्हाताऱ्यामागे दिवस घालवला की वॉर्डाचे कसे तीन तेरा वाजतात, ते त्यांना दाखवायचं होतं.

सकाळी ताप घेतला. "आजोबा, बरं वाटतंय का?" ढिम्म. अंग पुसून दिलं. पाणी गार होतं का, विचारलं. ढिम्म. गोळ्या दिल्या, त्या मुकाट्यानं घेतल्या. मनात म्हटलं, झालं, पट्टीवाली थापा मारते.

मग पट्टी बदलायची वेळ झाली. नऊ नंबरची खाट कोपऱ्यातली, तिची उजवी बाजू भिंतीला लागलेली. म्हणून सगळ्या जणी डावीकडूनच येतात. पण जखम उजवीकडे, तेव्हा पट्टीसाठी खाट बाहेर ओढून भिंतीच्या बाजूला शिरावं लागतं. मी तशी शिरले, वाकले, आणि खाट आणखी थोडी सरकवायला गेले. ती हलेना. "मेली जागची हलत नाही," मी पुटपुटले.

"तुम्ही पुन्हा ब्रेक लावलाय," आजोबा म्हणाले. "आधी तो सोडा."

मी ब्रेक सोडला. मग वळसा घालून डावीकडे गेले. "आजोबा, मी बोलते ते कळतं का?" काही नाही. पुन्हा उजवीकडे आले, वाकून तेच विचारलं.

"न कळायला काय झालं? या कानानं थोडंफार येतं, जवळून बोललात तर. डावा कान कपाटात आहे."

"कपाटात?"

त्यांनी माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. किल्ल्यांच्या जुडग्याकडे.

"ऑपरेशनच्या आधी मशीन काढून घेतलंत. नंतर मी पट्टीवालीकडे मागितलं. ती म्हणाली, वहीत लिहिते; पुढे काहीच झालं नाही. बाकीच्या डावीकडून येतात; त्या काय म्हणतात, देव जाणे, मला ऐकू कुठे येतंय! मग म्हटलं, किल्ली जिच्याकडे आहे तिलाच दाखवावं. तर तुम्ही डोळे वटारलेत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कपाट उघडलं तर दुसऱ्याच खणात पाकीट होतं. वर माझंच अक्षर: 'खाट ९, कानाचं मशीन, काढून ठेवले.' खाली माझीच सही. फळ्यावर एक ओळ आहेच, 'ऑपरेशनपूर्वी चीजवस्तू काढून ठेवणे,' आणि तिच्यापुढे माझं नाव. परत देणे, हे काम फळ्यावर कुठेच नाही. बावीस वर्षांत मला ते सुचलंच नव्हतं. बहुतेक पेशंट आपलं आपण मागून घेतात.

तरीही मला वाटत होतं, पट्टीवालीनं एकदा तरी सांगायचं ना! म्हणून नोंदवही काढली. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी तिनं स्वच्छ लिहिलं होतं, 'खाट ९: कानाचं मशीन मागतात.' आणि त्या ओळीवर लाल पेनाची बरोबरची खूण होती; ती पाहून काम झालं असंच तिला वाटलं असणार. लाल पेन वॉर्डात एकटी मी वापरते. मी ते वाचलं होतं आणि वाचून पान उलटलं होतं. मला फार शरम वाटली. माझ्या एका खुणेमुळे उद्या एक शहाणा माणूस बंद दारामागे जाणार होता.

मशीन त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलं, बारीक चाक फिरवलं आणि डोळे मिटून जरा वेळ पंख्याचा आवाज ऐकला. मी डॉक्टरांना ओढतच आणलं म्हणा ना.

"आजोबा, आज वार कुठला?"

"सोमवार. तुम्ही रोज काहीतरी विचारता हे ओठांवरून दिसायचं. वार विचारताय की वय, ते काही कळायचं नाही. म्हणून एक दिवस वय सांगायचो, एक दिवस वार."

डॉक्टरांनी आणखी पाच-सहा प्रश्न विचारले, मग कागदावर आडवी रेघ मारली. मंगळवारचं जाणं रद्द झालं.

दुपारी मी मेट्रनना नोंदवही नेऊन दाखवली, लाल खुणेसकट. त्यांनी ती ओळ आधी चष्मा लावून आणि मग चष्मा काढून वाचली. मग आम्ही ठरवलं, भिंतीकडच्या पंधरा खाटा महिनाभर नव्या पद्धतीनं बघायच्या, एकेकीकडे पाच. सुईवालीनं लगेच कुरकुर केली की अकरा वर्षांत तिनं पट्टी बांधलेली नाही. पट्टीवाली म्हणाली, "शिकवते, त्यात काय." जमेल की नाही, कोण जाणे. उरलेला अर्धा फळा मी तसाच ठेवला, फक्त 'परत देणे' ही ओळ वाढवली.

घरी निघताना नऊ नंबरपाशी थांबले.

"उद्या माझ्याकडे कोण?" आजोबांनी विचारलं. "तापवाली की सुईवाली?"

"मीच. काहीही लागलं तर मलाच सांगायचं."

"मग आत्ताच सांगतो. तुमच्या जुडग्यातली एक किल्ली तडकली आहे. आवाजच सांगतोय. एक दिवस कुलपातच मोडेल."

त्यांनी पुन्हा माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. बावीस वर्षांत मी ते जुडगं कोणाच्या हाती दिलं नव्हतं. मी ते सोडलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.