दोन तास धरून

क्रेनवाल्याला एक सवय हाडीमाशी खिळली होती. वर केबिनमध्ये चढायच्या आधी मोकळं होऊन यायचं, कारण एकदा चढलं की जेवणाच्या सुटीपर्यंत उतरणं नाही. गुप्तरोगाच्या क्लिनिकमध्येही नंबर यायच्या आत तो जाऊन आला.

आठवडाभर लघवीला जळजळत होतं. लग्न दहा दिवसांवर आलं होतं. तारीख पुढे ढकलावी लागली तर काय, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

टेक्निशियन बाईंनी तारेच्या बारीक कडीने मूत्रमार्गातला स्राव घेतला, काचपट्टीवर पसरून रंगवला आणि सूक्ष्मदर्शकात पाहत विचारलं, "लघवीला कधी गेला होतात?"

"आत्ताच. म्हटलं, तुमचा खोळंबा नको."

"फार उपकार झाले. जे बघायचं तेच धुऊन आलात. आता दोन तास धरून बसा."

तो बाकावर टेकतो तोच होणाऱ्या बायकोचा फोन आला. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची.

"कोट झाला का शिवून?"

हो म्हणून सुटता आलं असतं. त्याने खरं काय ते सांगितलं. मग तिने पत्ता विचारला.

अर्ध्या तासात ती शेजारी येऊन बसली.

"आठवडाभर गप्प होतास?"

"वाटलं, लग्न मोडशील."

"गप्प बसल्याबद्दल मोडीन एखाद वेळेस. जळजळीबद्दल नाही."

दीड तासानंतर त्याचे पाय थरथरायला लागले.

"तिकडे वर चार-चार तास बसतोस की."

"तिथे आधी जाऊन आलेलो असतो गं."

दुसरी काचपट्टी बोलकी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज आहे. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यात पाच पू-पेशी दिसल्या तरी पुरे, इथे बारा आहेत. गोनोरियाचे जंतू मात्र दिसत नाहीत. अशा वेळी आम्ही नॉन-स्पेसिफिक म्हणतो, म्हणजे नेमका जंतू न सापडलेली सूज. क्लॅमिडिया नावाचा जंतू आहे का बघायला लघवी लॅबला पाठवू, पण औषध आजच सुरू. दोघांनीही सात दिवस गोळ्या घ्यायच्या, आणि तोवर लांब राहायचं."

"लग्न दहाव्या दिवशी आहे," तो चाचरत म्हणाला.

"मग खुशाल करा."

त्यांनी पुढे केलेली लघवीची डबी घेऊन तो जवळजवळ धावतच सुटला. ती हसत खुर्ची पुढे ओढून बसली. "आता माझा फॉर्म द्या," ती म्हणाली, "आणि मी अजून गेलेली नाही, लिहून घ्या."