घंटेखालचं बाकडं

त्या सहलीतून धाकटीला दोन गोष्टी मिळायच्या होत्या. एक म्हणजे रोपवेच्या डब्यातून दिसणारा डोंगर, आणि दुसरी म्हणजे परत आल्यावर थोरल्या जावेचं तोंड. डोंगराला तिकीट होतं, तोंड फुकट होतं, आणि तरीही दोन्हींत मोलाचं कोणतं असं विचारलं असतं, तर धाकटीने क्षणभरही विचार केला नसता.

घरात दोन भाऊ, दोन जावा आणि चष्म्याचं एक दुकान. पुढे काउंटरवर थोरली बसायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवायची, आरसा धरायची, आणि चेहरा कसाही असो, शोभतंय म्हणायची. मागच्या खोलीत धाकटी काचा घासायची. मधे प्लायवूडची एक भिंत होती, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे थोरली पुढे जे जे बोलली ते ते धाकटीला मागे ऐकू आलं. उलट कधी झालं नाही, कारण मागे बोलायला कोणी नव्हतंच. चाक फिरायचं, पाणी ठिबकायचं आणि काच कुरकुरायची.

वर्षातून एकदा दुकान चार दिवस बंद राहायचं आणि घरातली माणसं फिरायला जायची. घरातली माणसं म्हणजे थोरली आणि तिचा नवरा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्यापाशी कोणीतरी हवं. थोरलीचा पोरगा लहान, प्रवासात ओकणारा, त्याच्यापाशीही कोणीतरी हवं. हे कोणीतरी दर वर्षी एकच असायचं. धाकटीचा नवराही तिच्याबरोबर मागे राहायचा, बायकोवर सगळा भार कसा टाकायचा म्हणून, आणि चारही दिवस झोपून काढायचा. थोरली निघताना उंबऱ्यातून म्हणायची, “पुढच्या वर्षी तुझा नंबर हं.” हे ती इतक्या मायेने म्हणायची की ऐकणाऱ्याला धाकटीच रांगेत घुसत असल्यासारखं वाटावं.

एका वर्षी मात्र नंबर खरंच लागला होता. शेजारीण सासूबाईंपाशी बसायला कबूल झाली, पोरगा तिच्याकडेच राहणार होता, आणि धाकटीने बॅग भरली. पहाटे सासूबाईंना जरा कणकण आली. थोरलीने त्यांच्या कपाळाला हात लावला, आणि मग हळूच धाकटीच्या दंडाला लावला. “अगं, त्या औषध फक्त तुझ्याच हातून घेतात. शेजारणीला कशा दाद देतील?” म्हणाली. धाकटीने बॅग रिकामी केली. दुपारपर्यंत सासूबाईंचा ताप उतरला होता आणि त्या पेज मागत होत्या.

त्याच वर्षी थोरली रोपवेला जाऊन आली.

ती गोष्ट पुढे तीस वर्षं काउंटरवर चालली. नवी फ्रेम घ्यायला आलेल्या कोणालाही थोरली सांगायची, की माणसाने हातपाय चालताहेत तोवर एकदा तरी त्या डब्यात बसावं, नाहीतर जन्म फुकट. मग लाल बाकडं यायचं, यंत्राच्या तेलाचा वास यायचा, माणसाचं वजन करणारा जुना काटा यायचा, आणि शेवटी पितळी घंटा. वर पोचलेल्या प्रत्येकाने ती वाजवायची असते म्हणे. “आणि वरून दिसतं काय, ते काही मी शब्दांत नाही सांगू शकत,” असं म्हणून ती डोळे मिटायची. मागच्या खोलीत धाकटीचं चाक त्या वाक्याला नेमकं थांबायचं, आणि मग दुप्पट जोराने फिरायचं.

पुढे सासूबाई गेल्या, थोरलीचा नवरा गेला, पोरगा मोठा होऊन दुकान बघायला लागला, घरात सून आली. थोरलीला गुडघ्यांनी दगा दिला. धाकटीचे पाय अजून शाबूत होते, पण डॉक्टरांनी तिलाही बजावलं होतं, की चढउतार काय करायची ती दोनतीन वर्षांत करून घ्या. धाकटीने ते मनावर घेतलं. थोरलीने गिऱ्हाइकांना सांगितलेलं एकेक ठिकाण बघायचं, आणि परत येऊन काउंटरपाशीच, थोरलीला खुर्चीवरून हलता येत नसताना, सावकाश सांगायचं असं तिने ठरवलं. सुरुवात रोपवेपासून. बहिणीकडे जाते असं घरी सांगून ती सकाळच्या बसने निघाली.

खालच्या स्टेशनात तिने तिकीट काढलं आणि आत पाऊल टाकलं तर समोर लाल बाकडं. बाजूला वजनाचा काटा. नाकात यंत्राचं तेल. आणि बाकड्याच्या बरोबर वर, भिंतीला, पितळी घंटा.

धाकटीला वाटलं, दोन घंटा असतील. डब्याचं दार उघडणाऱ्या माणसाला तिने विचारलं, वरची घंटा हिच्यापेक्षा मोठी का. त्याने तिच्याकडे बघितलं. वर कसली घंटा, म्हणाला. वर वाऱ्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ही घंटा खाली बसणाऱ्यांसाठी. डबा वरून सुटला की वाजवायची, म्हणजे ज्यांची माणसं वर गेलीत ते उठून उभे राहतात. कोणी ना कोणी बसतंच. इथवर येतात, डबा बघतात, आणि पाय गळतात. त्याच्या वडिलांनीही हेच काम केलं होतं, तेव्हाही घंटा याच खिळ्याला होती.

धाकटी त्या बाकड्यावर बसली. तीस वर्षांची गोष्ट तिने मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. बाकडं खालचं, वास खालचा, काटा खालचा, घंटा खालची. वरचं म्हणून त्या गोष्टीत एक अक्षर नव्हतं. जे शब्दांत सांगता येत नाही म्हणून थोरली डोळे मिटायची, ते तिने पाहिलेलंच नव्हतं.

धाकटीला असं हसू आलं की तिला पदर तोंडाला लावावा लागला. हातात तिकीट तसंच होतं. डबा येऊन उभा राहिला, दार उघडलं, आणि धाकटी उठून उलट्या दिशेला चालू लागली. दारावरचा माणूस म्हणाला, वर नाही का जायचं? धाकटी म्हणाली, “माझं काम झालं.”

हे तिने घरी कोणाला सांगितलं नाही. नुसतं सांगून टाकलं असतं तर थोरली म्हणाली असती, अगं इतकी वर्षं झाली, वरखाली झालं असेल माझं. आणि विषय तिथे संपला असता. तीस वर्षांचं पाच मिनिटांत संपवायला धाकटी काही उधळी नव्हती.

संधी आपल्या पायांनी चालत आली. थोरलीला सत्तर वर्षं पुरी होणार होती, आणि जेवताना पोराने विचारलं, आई, तुला काय हवं सांग. थोरली लाजली, मला काय हवंय म्हणाली. धाकटीने भाजी वाढता वाढता म्हटलं, “त्यांना परत एकदा रोपवेला ने रे. बिचाऱ्या किती आठवण काढतात.”

थोरलीचा घास हातातच राहिला. पोराला कल्पना एवढी पसंत पडली की त्याने तिथल्या तिथे तारीख ठरवली.

त्यानंतरचे पंधरा दिवस धाकटीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले. थोरलीने गुडघे पुढे केले, तर धाकटीने चाकांची खुर्ची मिळवली. थोरलीने रक्तदाब काढला, तर धाकटी स्वतः तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि परवानगी घेऊनच आली. शेवटी सुनेसमोर थोरली म्हणाली, एकदा पाहिलेलं परत कशाला बघायचं, उगाच खर्च. धाकटी म्हणाली, “मग मला दाखवा, वहिनी. माझं राहिलंय ना त्या वर्षी.” यावर पोराने काकूकडे बघितलं. त्या वर्षी काकू आजीसाठी मागे राहिली होती हे त्यालाही ठाऊक होतं. मग तर जाणं पक्कंच झालं.

आदल्या दिवशी थोरली भिंत धरत धरत मागच्या खोलीत आली. इतक्या वर्षांत ती तिथे क्वचितच आली असेल. स्टुलावर टेकली, घासलेल्या काचांकडे बघत राहिली.

“तुझं पोट बिघडलंय म्हणून सांग ना पोराला,” ती म्हणाली. “तुझं म्हटलं तर ऐकेल तो.”

धाकटीने हातातली काच चाकावरून उचललीसुद्धा नाही. “बिघडू दे की. औषध तुमच्या हातून घेईन.”

थोरली उठली. ती दारापर्यंत पोचल्यावर धाकटीने मागून विचारलं, “बॅग भरली का वहिनी?”

दुसऱ्या दिवशी खुर्ची ढकलत सगळे आत आले. लाल बाकडं दिसलं आणि थोरलीने मान फिरवली. पोरगा घंटेकडे बघून म्हणाला, अरे, ही इथे कशी? धाकटीला घाई नव्हती. पण दारावरच्या माणसाने तिला ओळखलं.

“बाई, आज तरी वर जाणार ना? का परत घंटा बघून परत?”

पोरगा आणि सून तिकिटांच्या खिडकीकडे वळले होते, त्यांना ऐकू गेलं नाही. थोरलीला गेलं. तिने घंटेकडे पाहिलं, मग धाकटीकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की पंधरा दिवस आपल्याशी जे चाललं होतं ते प्रेम नव्हतं.

खुर्चीमुळे एका डब्यात दोघीच मावल्या. पोरगा आणि सून मागच्या डब्यात. धाकटीने समोरची जागा धरली, थोरलीच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी. त्यामुळे दरी तिच्या पाठीमागे गेली. तिला ते चाललं. जे बघायचं ते समोर होतं.

डब्याने हिसका दिला आणि जमीन सुटली. थोरलीने डोळे गच्च मिटले. दांडी धरलेल्या बोटांची पेरं पांढरी पडली, वरच्या ओठावर घाम आला, चष्मा नाकावरून घसरू लागला. धाकटी एकेक गोष्ट टिपत होती. ही बॅगेची फेड, ही सासूबाईंच्या तापाची, ही उंबऱ्यातल्या मायेची.

“काय दिसतंय गं?” थोरली म्हणाली.

“काय सांगू वहिनी. शब्दांत नाही सांगता येत.”

“थोडं तरी सांग. म्हणजे भीती कमी होईल.”

“तुम्ही पाहिलंय की.”

डबा एका खांबावरून खडखडत गेला. थोरली म्हणाली, “नाही पाहिलेलं. हे वर गेले, मी खाली बसले. घंटेखाली. तुला माहितीय ते.”

हे वाक्य ऐकायला धाकटीने पंधरा दिवस घालवले होते. ते आलं. पण त्याच्या पाठोपाठ तिचंच दुसरं आलं, जे तिने तोवर कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं.

“मग माझी बॅग कशाला रिकामी करायला लावलीत? तुम्हाला जायचंच नव्हतं तर मला जाऊ द्यायचं.”

थोरली डोळे मिटूनच म्हणाली, “उंचीची भीती मला पहिल्यापासूनची. तू आली असतीस तर वर गेली असतीस. मग मी खाली बसलेली तुला दिसले असते. घरात एक तूच होतीस, जिच्यासमोर मला मान होता.”

धाकटीची कानशिलं तापली. म्हणजे आपण त्या वर्षी मागे राहिलो ते सासूबाईंसाठी नव्हे, हिला बाकड्यावर बसलेलं आपण बघू नये म्हणून. ती पुढे वाकली. “उघडा डोळे.”

“नको गं.”

“उघडा. नाहीतर खाली उतरल्यावर पोराला सांगेन, सुनेला सांगेन आणि उद्यापासून येईल त्या गिऱ्हाइकाला काउंटरवर सांगेन.”

थोरलीने डोळे उघडले.

आधी जे दिसलं ते धाकटीला हवं होतं तेच. तोंडाचा रंग उडाला, हनुवटी थरथरली. धाकटी मन भरून बघत राहिली. आणि मग, काही कळायच्या आत, ते तोंड बदलायला लागलं. हनुवटी थांबली. कपाळ सैल पडलं. थोरली धाकटीच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, इकडून तिकडे, खाली, परत वर, आणि तिचं तोंड पोरासारखं उघडं पडलं होतं. दांडीवरचा एक हात सुटला आणि चष्मा सावरायला वर गेला. त्या काचा धाकटीनेच घासल्या होत्या. दोन्ही काचांत नखाएवढा हिरवा डोंगर होता, आणि त्याच्यामागे काहीतरी चमकत होतं. पाणी असेल किंवा नुसतं ऊन.

“अगं,” थोरली म्हणाली. बस, एवढंच.

धाकटीने मान वळवली असती तर तिलाही दिसलं असतं. पण मान वळवली तर हे तोंड सुटणार होतं, आणि त्यावर अजून थोडी तरी भीती परत येईल अशी धाकटीला आशा होती. ती आली नाही. डबा वरच्या स्टेशनात शिरला आणि अंधारला.

वर धक्क्यावर पोचेपर्यंत ढग उतरले होते. पोराने पांढऱ्याफटक पार्श्वभूमीवर दोघींचे फोटो काढले. उतरतानाही चहूकडे पांढरं. धाकटी या वेळी दरीकडे तोंड करून बसली होती, पण काचेत तिला फक्त तीच दिसली. खाली घंटा वाजली तेव्हा बाकड्यावर बसलेला एक म्हातारा उठून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात वाचायचा चष्मा न्यायला एक मास्तर आले. जुने गिऱ्हाईक, गोष्ट पाठ असलेले. कसं होतं या वेळी, त्यांनी विचारलं. मागच्या खोलीत चाक थांबलं.

“छान होतं,” थोरली म्हणाली. आणि फ्रेमची काडी त्यांच्या कानामागे बसवू लागली.

ना बाकडं, ना घंटा, ना मिटलेले डोळे. धाकटी वाट बघत राहिली, पण पुढे काही आलंच नाही. संध्याकाळी थोरली भिंत धरत मागे आली, हातात चहाचा कप घेऊन, तोही बशीत अर्धा सांडलेला. स्टुलावर बसली. तिला सांगायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. नुसतं कोणीतरी विचारायला हवं होतं. आणि या वेळी तिच्याकडे सांगण्यासारखं खरंच काहीतरी होतं.

धाकटीने विचारलं नाही. विचारणं म्हणजे आपण काही पाहिलं नाही हे कबूल करणं. ती काच घासत राहिली. थोरली चहा निवेपर्यंत बसली, मग उठून गेली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशीही.

चाकावर काच धरून धाकटीने शेवटी हिशेब घातला. दोन गोष्टी मिळवायला ती निघाली होती. तोंड मनसोक्त बघून झालं होतं, आणि त्याचं आता काय करायचं ते तिला कळत नव्हतं. राहिला डोंगर. रोपवेला दोघीही दोनदा गेल्या. पहिल्या वेळी दोघीही खालीच राहिल्या आणि दुसऱ्या वेळी दोघीही वर जाऊन आल्या. धाकटीचं तिकीट दोन वेळा निघालं होतं, आणि बघून आली होती थोरली.