विहीर भरायला लागणारा वेळ

नांदूरघाटच्या बंद पडलेल्या दूध संकलन केंद्राच्या माडीवर अकरा माणसे मोबाइलवरचे खेळ तयार करीत. संस्थेच्या नोंदणीच्या वेळी एका लिपिकाने अर्जुनरावांना विचारले होते, "म्हणजे खेळणी का?" तेव्हा अर्जुनराव म्हणाले होते, "खेळणी न्हाई, खेळ. पोरांनी फोडला तरी फुटत न्हाई असा."

अर्जुनरावांनी सव्वीस वर्षे दूध संघाचे सचिवपद सांभाळले होते. सहकाराचा कायदा त्यांना तोंडपाठ होता, म्हणून या संस्थेचे अध्यक्षही तेच होते. मोबाइल मात्र ते अजूनही दोन्ही हातांनी धरीत. खेळ तयार करणारी कंपनी सहकारी असावी, अकरा सभासदांना अकरा मते असावीत, हा हट्ट त्यांच्या पुतणीचा, सत्यभामेचा होता. तिने पुण्यातल्या एका कंपनीत सहा वर्षे नोकरी केली होती. खेळणाऱ्याला किती मिनिटे ताटकळत ठेवले म्हणजे तो कंटाळून पैसे भरतो, आणि आणखी किती मिनिटांनी तो खेळच सोडून देतो, या दोन्हींच्या मधली वेळ शोधून काढणे, हे तिथे तिचे काम होते. ती वेळ तिला अचूक सापडे. शेवटी शेवटी ती वेळ सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी शोधावी लागू लागली, आणि ती गावी परत आली.

म्हणून संस्थेच्या पोटनियमांत चौदावे कलम तिने स्वतः लिहिले होते. एकदा विकलेल्या खेळासाठी खेळणाऱ्याकडून दुसऱ्यांदा मोबदला घेतला जाणार नाही. आणि त्याचे पैसे अथवा लक्ष मिळवण्यासाठी त्याला मुद्दाम ताटकळत ठेवले जाणार नाही. सर्वांनी त्यावर सह्या केल्या होत्या. तेव्हा पाऊस बरा झाला होता.

दोन हजार अठरा साली तो झाला नाही. पोळ्यानंतर आकाश कोरडे पडले. संस्थेने 'पाणवठा' नावाचा खेळ अर्धा तयार केला होता. त्यात खेळणाऱ्याने एक गाव दुष्काळातून पार न्यायचे, गुरे जगवायची, विहिरीचे पाणी वाटून द्यायचे. खेळातली घरे, बैल, बाभळी, विहिरीवरच्या बायांच्या कंबरेचा कल, हे सगळे गहिनीनाथने काढलेले होते. तो आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावे आणि मोर रंगवीत असे. सत्यभामेने त्याला संगणकावर चित्र काढायला शिकवले. तो आणि त्याची बायको कौशल्या लग्नानंतरची आठ वर्षे दर दिवाळीला ऊसतोडीला जात. संस्थेत आल्यापासून ती दोघे तीन हंगाम गावातच राहिली होती. त्यांची मुलगी शाळेत सलग तीन वर्षे बसली, ही गोष्ट कौशल्या येईल त्याला सांगत असे.

आता संस्थेकडे महिन्याभराच्या पगाराइतकेच पैसे होते, आणि पुण्याच्या एका वितरक कंपनीने 'पाणवठा' घेण्याची तयारी दाखवली होती. कंपनी वर्षभर अकराही जणांचा पगार देणार होती. तिची एकच अट होती. खेळातली विहीर एकदा उपसली की ती पुन्हा भरायला आठ तास लागावेत. ज्याला थांबायचे नसेल त्याने दहा रुपये भरून टँकर मागवावा. जो थांबेल त्याने दर वेळी एक जाहिरात पाहावी.

"गावाकडचे थांबतील, शहरातले पैसे भरतील," कंपनीकडून आलेले गृहस्थ चहा घेता घेता म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कसलीही लबाडी नव्हती. दुकान मांडणारा माणूस माल कुठे ठेवावा हे ज्या सहजतेने सांगतो, तसे ते सांगत होते. "लोकांना खेळ नको असतो, ताई. पुन्हा यायला कारण हवं असतं. ते आपण द्यायचं."

सत्यभामेने चौदावे कलम त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते वाचून आदराने परत केले. "पंधरा दिवस चाचणी घेऊन बघा. लोकांना जाच झाला तर मीच नाही म्हणेन."

हे सर्वांना रास्त वाटले. चाचणीला कलमाची आडकाठी नाही, असे अर्जुनरावांनी सांगितले. मग नांदूरघाट आणि शेजारच्या दोन वाड्यांतल्या दीडशे माणसांच्या फोनवर आठ तासांच्या विहिरीचा खेळ घालून देण्यात आला.

पंधरा दिवसांनी आकडे आले. पुण्यात अशा थांब्यावर निम्मी माणसे पहिल्याच दिवशी खेळ सोडीत. इथे दीडशेपैकी एकशे एक्केचाळीस जण रोज परत येत होते. पैसे कोणी भरले नव्हते. पण विहीर भरायची वेळ झाली की पाच मिनिटांच्या आत खेळ उघडला जाई. एकाचीही तक्रार नव्हती. गृहस्थांनी फोन करून अभिनंदन केले. गहिनीनाथने खालून भजी आणली. सत्यभामेलाही, कबूल करायला हवे, आनंद झाला. आपण उगाच ताणून धरले होते की काय, असे तिला वाटले; आणि अहवालात तिने स्वतःच्या हाताने लिहिले, 'प्रतीक्षेचा खेळणाऱ्यांना त्रास होत नाही, असे दिसून येते.'

पोटनियम बदलण्यासाठी गुरुवारी सभा बोलावली गेली.

बुधवारी साडेअकराच्या सुमाराला छबुबाई माडीचा जिना चढून वर आल्या. त्या सत्यभामेच्या शेजारच्या. साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक रिकामी घागर होती.

"मावशी, टँकर आला ना आज?"

"आला की. गेला बी." छबुबाईंनी घागरी भिंतीशी ठेवल्या आणि खाली बसल्या. "पाणी दे आधी घोटभर. तुज्याच पायी गेलं माजं पाणी."

"माझ्या पायी?"

"मग काय? आठ दिसांनी टँकर. पहाटं जाऊन लायनीत घागरी लावल्या. सातवा नंबर. आन् आकरा वाजता तुजी ती हीर भरणार होती. रेंज घावती ती मारुतीच्या पारावर. म्हणलं, जाऊन यावं, टँकर कवा टायमावर येतोय? पारावर गेलते, तवर ह्यो आला भोंगा वाजवत. घागरीजवळ मानूस न्हाई म्हणल्यावर कोन थांबतंय? मागच्या सावित्रीनं पायानं सारली माजी घागर बाजूला."

"मावशी, खेळातल्या विहिरीसाठी तुम्ही टँकर सोडला?"

"सोडला कशाला, चुकला. हशील तर हास. गहिनीनाथ हासतोय बघ तिकडं तोंड लपवून. ये गह्या, तुज्या त्या चित्रातली बाई बघितली का? नुसती कंबर वाकडी करून हुबी. तिला म्हणावं, माज्या घागरी उचल."

गहिनीनाथ खरेच हसत होता. "मावशी, तिला पगार न्हाई."

सत्यभामा मात्र गंभीर झाली होती. "आठ तास थांबायचा कंटाळा नाही आला तुम्हाला?"

"कंटाळा?" छबुबाईंना प्रश्नच कळला नसावा. "हिरीला पाणी यायला टाइम लागतोच की बाई. आमी झऱ्यावर वाटीनं पाणी भरलंय. एक घागर भरायला दोन तास. हितं तर बसायचं बी न्हाई, नुसतं याद ठिवायचं." त्या तांब्यातले पाणी जपून प्यायल्या. उरलेले त्यांनी घागरीत ओतले. मग, काहीतरी आठवल्यासारखे, त्यांनी विचारले, "पर एक सांग. त्या हिरीत पाणी कोन सोडतं?"

"म्हणजे आम्हीच. इथून ठरतं ते."

"तुमी?"

"हो."

"पाऊसपाण्याचं काय न्हाई त्यात?"

"नाही."

छबुबाईंनी तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच सत्यभामेला ते सहन होईना. "मला वाटलं, हिरीचंच तसं आसंल. तुज्या हातात हाय म्हणतीस, तर मग का देत न्हाईस, बाई?"

त्या घागरी घेऊन गेल्या. त्या दिवशी सत्यभामेने आपल्या घरातली एक भरलेली कळशी त्यांच्याकडे पोचवली. अहवालातले ते वाक्य ती पुन्हा पुन्हा वाचीत राहिली. दीडशे माणसांपैकी एकानेही तक्रार केली नव्हती, कारण पाण्यासाठी थांबणे ही तक्रार करण्याची गोष्ट आहे, हेच त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. आणि संस्थेतले अकराही जण त्याच गावचे, त्याच झऱ्यावर वाढलेले. म्हणून त्यांच्याही ते लक्षात आले नव्हते.

गुरुवारी सभेत तिने हे सगळे सांगितले. खालच्या रस्त्यावरून उसाला निघालेल्या पहिल्या गाड्या जात होत्या, त्यामुळे तिला मध्येमध्ये थांबावे लागे.

सगळ्यांनी ऐकून घेतले. मग हिशेब पाहणारे बद्रीनाथ म्हणाले, "ताई, छबुमावशीचं वाईट वाटतं. पर आपून आठाचे सहा तास करू. पारावर बी जायला नको, फोनवर आधी सांगता येईल, टँकरच्या दिवशी बंद ठेवू."

"टँकरचा दिवस आपल्याला कळतो. सोलापूरच्या बाईचा टँकर कधी येतो, ते कुठं कळणार?"

"मग पगार कुठून येणार, ते तरी कळू दे."

खेळ पूर्ण करून एकदाच विकायचा, तर त्याला अजून पाच महिने लागणार होते. ते पाच महिने कोणी कसे काढायचे, हे कलमात लिहिलेले नव्हते.

अर्जुनरावांनी ठराव वाचला. चौदावे कलम वगळण्यात यावे. अकरा सभासद हजर. दोन-तृतीयांश बहुमत हवे. म्हणजे आठ हात. त्यांनी बाजूने असलेल्यांना हात वर करायला सांगितले.

सात हात वर झाले. गहिनीनाथचा हात त्यांत होता. तो सत्यभामेकडे पाहत नव्हता. कोपरापर्यंत दुमडलेली बाही त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवली होती. अर्जुनराव स्वतः, आणि हातावर हात ठेवून बसलेले आणखी दोघे, विरोधात होते. राहिली सत्यभामा.

तिने एकदा गहिनीनाथच्या त्या हाताकडे पाहिले. कौशल्येने सकाळीच तिला रस्त्यात गाठून सांगितले होते की ऊसतोडीचा मुकादम उद्यापर्यंत शब्द मागतो आहे. आपला हात वर गेला तर कौशल्या गावात राहील, तिची मुलगी चौथीत बसेल. आणि कुठल्यातरी गावातली बाई, जिचे नावही आपल्याला कळणार नाही, अकरा वाजता लायन सोडून रेंज शोधायला जाईल. एक माणूस समोर होते आणि एक नव्हते. समोर नसलेल्यासाठी समोर असलेल्याला नाही म्हणायचे, हे बरोबर आहे की नुसते सोपे, हे तिला त्या क्षणी ठरवता येईना.

तिने हात वर केला नाही.

"ठराव नामंजूर," अर्जुनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान नव्हते.

माणसे उठली. बद्रीनाथ जिना उतरले. गहिनीनाथ मागे राहिला. "ताई," तो म्हणाला, "तुमचं बरोबर हाय. मला कळतंय ते. मावशीला म्या हासलो, ती बी चूकच झाली माजी."

"गहिनीनाथ, पाच महिने कसे तरी..."

"तुमच्या घरात वडलांची पेन्शन येती. तुमाला बरोबर ऱ्हाता येतं." त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. हवेत गारवा आहे हे सांगावे, तसे त्याने सांगितले. सत्यभामेने मान खाली घातली. कारण तेही बरोबर होते.

मग त्याने अर्जुनरावांना विचारले, "काका, लागोपाठ तीन सभांना न्हाई आलं तर नाव कमी हुतं ना?"

"होतं. रजेचा अर्ज दिलास तर होत न्हाई."

"मग द्या कागद. मार्च-एप्रिलात येतो म्या. बैलाची चित्रं राहिलीत, ती दुसऱ्या कोनाला देऊ नका."

अर्जुनरावांनी सभेच्या वहीतले एक कोरे पान काळजीपूर्वक फाडून दिले. गहिनीनाथने खिडकीच्या कट्ट्यावर ते ठेवले आणि उभ्यानेच लिहिले. त्याचे अक्षर ट्रॉल्यांवर नावे रंगवून रंगवून देखणे झालेले होते. 'रजेचे कारण' म्हणून त्याने 'ऊसतोडणी' असे लिहिले, खाली स्वतःची सही केली, आणि थोडे थांबून कौशल्येचेही नाव लिहिले, जरी ती सभासद नव्हती.

अर्जावर सचिवाची शिफारस लागत असे. सचिव सत्यभामा होती. तिने कागद हातात घेतला, पूर्ण वाचला, आणि 'रजा मंजूर व्हावी' असे लिहून त्याखाली सही केली.